नाव आणि हुद्दा

वायरमननं दंडुका टेबलावर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. एक त्याच्या हातात राहिला, दुसरा उडून पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या भाजीच्या पिशवीत पडला. चौकात हशा पिकला. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता, पण वायरमन हशानं आणखी फुगला. उरलेला तुकडा परजत त्यानं टेबलाभोवती एक फेरी मारली, पेन्सिलीनं काढलेल्या मिशीला पीळ भरला आणि खुर्चीत डोळे बांधून बसवलेल्या ताईच्या कानाशी येऊन तो गरजला, "बोल! कुणाच्या सांगण्यावरून केलंस?"

ताईला पट्टीआडून काही दिसत नव्हतं. वायरमनच्या तोंडाचा कांद्याचा वास तेवढा येत होता आणि हसू दाबण्यासाठी तिनं गाल आतून दातांत धरला होता. खरं तर आरोपीचं काम पुरुषाचं, पण छळविरोधी समितीतल्या एकाही पुरुषाला भर चौकात डोळे बांधून घ्यायचे नव्हते, म्हणून ते तिच्याकडे आलं होतं.

दर आठवड्याला, कचेऱ्या सुटायच्या वेळेला, समितीची माणसं बेकरीतून एक टेबल आणि एक खुर्ची उचलून या चौकात आणायची आणि नाटक करायची. समोरच पोलीस कचेरीची चार मजली इमारत होती. परवानगीच्या कागदावर नाटकाचं वर्णन 'विनोदी प्रहसन' असं केलेलं होतं. तेवढ्याच बोलीवर परवानगी मिळाली होती आणि साहेबाचं काम करणाऱ्या वायरमनच्या कृपेनं ते वर्णन दर आठवड्याला खरंही ठरत होतं. बंदोबस्ताला पाठवलेले दोन शिपाई, एक म्हातारा आणि एक तरुण, चहाच्या दुकानापुढच्या बाकावर बसून पोट धरधरून हसत होते. चहावाल्यानं हाक दिली तसा म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"आलो, आलो," तो म्हणाला.

प्रयोग संपला. टाळ्या पडल्या. भाजीच्या पिशवीवाल्या बाईनं दंडुक्याचा तुकडा परत आणून दिला आणि फार छान करता हो तुम्ही, असं वायरमनला सांगून ती बस पकडायला गेली. ताईनं पट्टी सोडली. तिचा धाकटा भाऊ नेहमीसारखा मागे, पावाच्या रिकाम्या क्रेटवर बसला होता. त्याची नजर मात्र त्यांच्याकडे नव्हती. तो चहाच्या दुकानाकडे बघत होता. मावळतीचं ऊन त्याच्या डोळ्यांत जात असेल असं ताईला वाटलं आणि ती खुर्चीची घडी घालायला लागली.

"तो ओरडत नाही," नकल्या म्हणाला.

सगळ्यांचे हात थांबले. नकल्या म्हणजे हाच धाकटा भाऊ. सुटून आल्यापासून तो लागेल तेवढंच बोलायचा आणि त्या दिवसांबद्दल तर एक अक्षर नाही.

"कोण रे?" वायरमननं विचारलं.

"साहेब. एकदाही ओरडला नाही. सगळ्यांना अहो-जाहो करतो." तो क्रेटवरून उठला. "पुढच्या खेपेला साहेबाचं काम मी करीन."

वायरमनचा चेहरा पडला. आपलं काम वाईट होतं का, असं त्यानं विचारलं. चांगलं होतं, म्हणून तर लोक हसतात, असं नकल्या म्हणाला आणि टेबलाचा एक पाय धरायला वाकला. त्याला तो उचलता येणार नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणी त्याला अडवलं नाही.

नकल्या हे नाव त्याला वस्तीनं दिलेलं. बोलायला लागला तेव्हापासून तो दुसऱ्यांच्याच आवाजात बोलायचा. शेजारच्या काकूंच्या आवाजात हाक मारून आईला दारापर्यंत पळवायचा आणि त्याबद्दल मार खाताना हेडमास्तरांच्या आवाजात 'मुलांना मारणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे' असं सुनवायचा. मारणारी आई हसत सुटायची. पुढे बस आगारात गाड्यांच्या घोषणा करायची नोकरी लागली तेव्हा पोरगं मार्गी लागलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

आगारातल्या निम्म्या गाड्यांचे ब्रेक धड लागत नव्हते. ड्रायव्हर तक्रारी करून थकले. एक गाडी उतारावरून थेट शाळेच्या भिंतीत घुसली, त्याच्या दुसऱ्या सकाळी भोंग्यावरून आगाराच्या व्यवस्थापकाचा आवाज आला, खाकरण्यासकट. ज्या गाडीचा ब्रेक लागत नाही ती आजपासून बाहेर काढू नये, असा माझा आदेश आहे. ड्रायव्हरांनी आदेश पाळला. निम्मं आगार जागचं हललं नाही. खुद्द व्यवस्थापकही क्षणभर, आपण असं कधी म्हणालो, या विचारात पडला होता म्हणतात. लोक हे अजून हसत हसत सांगतात. सांगताना शेवटी मात्र गप्प होतात, कारण त्याच संध्याकाळी नकल्याला उचलून नेलं होतं.

तुझ्यामागे कोण आहे, एवढंच त्यांना हवं होतं. मागे कुणीच नव्हतं, आणि ज्याच्यामागे कुणीच नसतं त्याला सांगण्यासारखंही काही नसतं. हात मागे बांधून माणसाला छताला टांगलं की खांद्यांचं काय होतं, हे ताईला तोवर माहीत नव्हतं. आता समितीतल्या सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकाच्या घरातून कुणी ना कुणी त्या कचेरीत जाऊन आलेलं होतं. बेकरीवाल्या मावशीचा नवरा गेला तो परत आलाच नव्हता.

तक्रारी सगळ्यांनी केल्या होत्या. सगळ्या एकाच शेऱ्यानिशी परत आल्या. छळ करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा नमूद नाही, सबब दखल घेता येत नाही. पकडल्यापासून सोडेपर्यंत डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसानं नाव आणि हुद्दा कुठून आणायचा, हे शेऱ्यात लिहिलेलं नव्हतं. नाव मिळालं तर फेरतक्रार करता येणार होती आणि तिची मुदत महिनाअखेरीला संपत होती. चार मजल्यांवर अधिकारी ढीगभर होते. त्यातला कोण, ते आत काम करणाऱ्यांना माहीत होतं आणि ते तोंड उघडणार नव्हते.

नकल्यानं साहेबाचं काम करायला ताईचा सपशेल विरोध होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावता लावता तिनं तो विषय काढला. त्याच्या बोटांतल्या मुंग्या अजून गेल्या नव्हत्या, बटणं तीच लावायची.

"परत नेतील तुला."

"नेऊ देत. या वेळी निदान आवाज तरी ओळखीचा असेल."

"मस्करी सुचतेय? आणि आवाज काढून काय मिळणार आहे? आवाजाला नाव असतं? हुद्दा असतो?"

नकल्यानं शर्टाची दोन टोकं जवळ ओढून धरली. तिचा संताप संताप झाला. लाव तुझी तूच बटणं, असं म्हणून ती तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली. थोड्या वेळानं परत आली तेव्हा तो तिथंच, तसाच, शर्टाची दोन टोकं हातात धरून उभा होता. तिनं उरलेली बटणं लावली. भीती वाटते म्हणून ओरडले रे, असं ती म्हणाली. मला पण वाटते, तो म्हणाला.

तालीम बेकरीच्या मागच्या खोलीत असायची. दुपारी भट्टी विझलेली असली तरी भिंती ऊबदार असायच्या आणि बोलताना तोंडात पिठाची चव यायची. नाटक लिहिणारे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, पिठाच्या पोत्यावर बसले होते. वायरमन दाराशी हाताची घडी घालून उभा होता. माझं काम काढून घेतलं तरी मी आलो, हे सगळ्यांनी बघावं अशी त्याची इच्छा होती. ताईनं खुर्चीत बसून पट्टी बांधून घेतली.

 मग तिच्या मागून एक आवाज आला.

"बसा. बसलाच आहात, नाही का? छान."

मध्यम वयाच्या, पोट भरलेल्या माणसाचा आवाज होता तो. किंचित नाकातला, निवांत. दवाखान्यातला एखादा भला डॉक्टर बोलतो तसा.

"पट्टी फार घट्ट नाही ना झाली? सांगा हं. आणि आई कशा आहेत तुमच्या? गुडघ्यांना शेक देता की नाही? द्या, बरं वाटतं. आता तेवढं नाव सांगून टाकलंत की तुम्हीच जाऊन द्याल शेक. नाहीतर बसू आपण. मला कुठं जायचं नाही, तुम्हाला तर नाहीच नाही." थोडं थांबून तो आवाज जराही न चढता म्हणाला, "बाहेर कोण आहे? पाणी आणा बरं."

ताईनं पट्टी ओरबाडून काढली. मागे तिचा भाऊच उभा होता. चेहरा त्याचाच होता, घामानं निथळलेला, आणि डोळे गच्च मिटलेले. परका होता तो नुसता आवाज. आईच्या गुडघ्यांचं त्या माणसाला कुणी सांगितलं, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. नकल्यानंच उत्तर दिलं.

"मीच सांगितलं असणार," आपल्या आवाजात तो म्हणाला. "तो माणसाला बोलायला लावतो. बरं वाटतं बोलून."

मावशी इतका वेळ परात घासत होती. "मेल्याची जीभ झडो," ती म्हणाली, आणि मग घाईघाईनं, "तुझी नव्हे रे बाबा, त्याची." नकल्याला हसू आलं. सुटून आल्यापासून तो पहिल्यांदा हसला आणि ताईला रडू फुटलं. मग तिनं ओल्या डोळ्यांनीच त्याला, जरा बस आता, असं दटावलं.

मास्तरांना एकच अडचण दिसत होती. साहेब पाणी मागवतो, पण आणणार कोण? आपल्याकडे माणूस नाही. वायरमनकडे बघितलं तर तो म्हणाला, साहेबाचा एकदम शिपाई करता काय मला, तेवढा काही मी पडलेला नाही. तेव्हा ते वाक्य काढून टाकावं असं मास्तर म्हणाले. मागितलेलं पाणी आलं नाही तर प्रसंग लटकतो.

"राहू द्या ते वाक्य," नकल्या म्हणाला.

"अरे, पण कशाला? पाणी पितो की काय तो?"

"तोंडावर कापड टाकायचे. आणि मग पाणी." त्यानं एवढंच सांगितलं. "राहू द्या, मास्तर. नाही आलं तर नाही आलं."

मास्तरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

घरीही तो तालीम करायचा, दार लावून. चार महिने दाबून ठेवलेला आवाज एकदा बाहेर आला तो धड राहत नव्हता, मधेच निसटायचा, म्हणून तो घोटून घ्यावा लागत होता. एका संध्याकाळी ताई कामावरून आली तेव्हा आई हातात ट्रे घेऊन, पाय ओढत बाहेरच्या खोलीकडे निघाली होती. ट्रेमध्ये दोन कप चहा होता. पाहुणे आलेत, आई म्हणाली. कुणी मोठा माणूस दिसतो, किती अदबीनं बोलतोय, माझ्या गुडघ्यांचीसुद्धा चौकशी केली त्यानं. ताईनं ट्रे तिच्या हातातून काढून घेतला. दार उघडून नकल्या बाहेर आला.

"गेले का पाहुणे?" आईनं विचारलं.

"गेले," तो म्हणाला. "घाईत होते."

दोन्ही कप त्यानं आणि ताईनं उभ्या उभ्याच संपवले. आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काय समजलं आणि काय नाही, हे तिच्या तोंडावरून कधीच कळायचं नाही. पण त्या दिवसानंतर तिनं गुडघ्यांना शेक देणं बंद केलं आणि कारण विचारलं तर सांगितलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. दंडुका मोडल्याची गोष्ट पसरली होती आणि आज काय मोडतंय ते बघायला लोक आले होते. भाजीच्या पिशवीवाली बाई जावेला घेऊन आली होती. वायरमनला गर्दीत उभा बघून तिनं, अगंबाई, आज तुम्ही नाही का, असं विचारलं आणि वायरमननं, आज दुसऱ्याला संधी दिली आहे, असं मोठ्या मनानं सांगितलं. दोघे शिपाई बाकावर येऊन बसले. कचेरीच्या खिडक्यांचे पडदे अर्धे उघडे होते.

ताई खुर्चीत बसली. नकल्यानं तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. त्याच्या हातांना तेवढं जमत होतं, ती खाली वाकल्यावर.  नको करूस, असं तिला म्हणायचं होतं. ती म्हणाली, "मी आहे."

"बसा," तो आवाज म्हणाला. "बसलाच आहात, नाही का? छान."

कुठंतरी कुणी हसून घेतलं, सवयीनं. दुसऱ्या वाक्याला एखाददुसरं हसू आलं. आईच्या गुडघ्यांपर्यंत येईतो चौकात हसण्याचा आवाज उरला नव्हता. हा मारणार कधी, असं एका लहान मुलीनं विचारलं आणि तिला कुणीतरी दाबलं. ताईला काही दिसत नव्हतं, पण माणसं सरकून जवळ आली आहेत हे श्वासांवरून समजत होतं. आवाज मंद होता, तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. आगाराच्या गोंगाटात बोलण्याची सवय असलेल्या छातीतून तो येत होता.

"...मला कुठं जायचं नाही, तुम्हाला तर नाहीच नाही." आणि मग, जराही न चढता, "बाहेर कोण आहे? पाणी आणा बरं."

इथं नकल्यानं थोडं थांबायचं आणि पुढच्या वाक्यावर जायचं, असं ठरलं होतं. तो थांबला. पुढचं वाक्य आलं नाही.

"आलो, साहेब."

बाक सरकल्याचा आवाज झाला. कप खाली ठेवल्याचा, नळ सोडल्याचा. मग पावलं. अखेर वायरमननं मनाचा मोठेपणा दाखवलेला दिसतो, असं ताईच्या मनात आलं, पण वायरमन चपला घालायचा आणि ही पावलं बुटांची होती. ती गर्दीतून वाट काढत आली, खुर्चीशेजारी थांबली. तिच्या गुडघ्यावर पाण्याचे दोन थेंब पडले.

तिनं पट्टी खाली ओढली.

म्हातारा शिपाई तिच्या शेजारी उभा होता. टोपी सरळ केलेली, मान ताठ आणि दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. झोपेत चालत आलेल्या माणसासारखा तो पेल्याकडे, मग टेबलाकडे, मग भोवतीच्या माणसांकडे बघायला लागला.

"काका, अहो नाटक आहे ते," बाकावरून तरुण शिपाई म्हणाला आणि एकटाच हसला.

बाकी कुणी हसलं नाही. ताईनं भावाकडे बघितलं. त्याचे डोळे या वेळी उघडे होते आणि तो म्हाताऱ्याकडे बघत होता. गेल्या आठवड्यात चहाच्या दुकानाकडे बघत होता तसाच. तेव्हा कुठं तिला उमगलं, की ते वाक्य त्यानं का राहू दिलं होतं.  याच माणसाचं 'आलो, साहेब' त्यानं पट्टीआडून किती वेळा ऐकलं असेल आणि त्यानंतर काय काय झालं असेल.

"कुणासाठी आणलंत पाणी?" तिनं विचारलं.

"साहेबांनी मागितलं," म्हातारा म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला.

"कुठल्या साहेबांनी?"

 तरुण शिपाई आता उठून उभा राहिला होता, पण गर्दीतून आत येत नव्हता. म्हाताऱ्यानं नकल्याकडे नीट बघितलं. कपाळ आणि डोळे त्याच्या ओळखीचे नसतील, हनुवटी ओळखीची असेल. त्याच्या हातातलं पाणी हिंदकळायला लागलं.

नकल्या आता आपल्या आवाजात बोलेल असं ताईला वाटलं. या माणसाला तो काय काय विचारू शकला असता. विचारायचा त्याला हक्क होता. पण तो बोलला ते त्याच निवांत, नाकातल्या आवाजात.

"सांगा त्यांना. माझं नाव सांगा आणि हुद्दाही सांगा."

चहावाल्याचं आधण उतू गेलं तरी त्यानं भांडं उतरवलं नाही. म्हातारा तसाच उभा राहिला. आवाज कुणाचा आहे आणि तोंड कुणाचं, हे समजायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तो उभा राहिला. त्याला मागे फिरता आलं असतं, हसण्यावारी नेता आलं असतं. एकदा त्यानं मान वळवून कचेरीच्या इमारतीकडे वर बघितलं. मग पेला टेबलावर ठेवला आणि टाचा जुळवल्या.

"जी, साहेब," तो म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. आधी हुद्दा, मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, कवायतीच्या मैदानावर सांगतात तसं, शब्द न शब्द सुटा. मग कुणी विचारलं नव्हतं तरी मजला आणि खोलीही सांगितली.

तरुण शिपाई गर्दीतून धडपडत पुढे आला.  "काका, हे काय करून बसलात?"

"साहेबांनी सांगायला सांगितलं," म्हातारा म्हणाला. "सगळी नोकरी झाली, हुकूम कधी मोडला नाही. आज का मोडू?"

त्यानं टेबलावरचा पेला उचलून नकल्यापुढे धरला. नकल्यानं तो घेतला नाही. रागानं झिडकारलाही नाही, नुसता घेतला नाही. म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू हेही त्याला ठाऊक होतं, पेला होता तिथं ठेवला आणि तो वळला. लोकांनी त्याला वाट दिली. तो बाकाकडे गेला नाही आणि कचेरीकडेही गेला नाही. टोपी काढून काखेत मारली आणि रस्त्याच्या कडेनं सरळ चालत राहिला.

ताईनं नकल्याला खुर्चीत बसवलं. 

"ऐकलंस ना?" तो म्हणाला. हा त्याचा आवाज होता, चिरकलेला, पण त्याचा.

"ऐकलं."

"सगळ्यांनी ऐकलं का?"

तिनं वर बघितलं. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि म्हणूनच सगळे एकमेकांच्या नजरा चुकवत होते. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी पिशवी सावरत होतं. मागची माणसं पांगायलाही लागली होती. अजून थोड्या वेळानं चौक रिकामा झाला असता आणि उद्या विचारलं तर कुणालाही काहीही आठवलं नसतं. नाव मिळालं होतं आणि तिच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा हरवत होतं.

तेवढ्यात मावशी पुढे झाली. नाटकात ती आरोपीची आई व्हायची, त्यातला काळा रुमाल अजून तिच्या डोक्यावर होता. पहिल्या रांगेतून काढता पाय घेणाऱ्या, टाय सैल केलेल्या एका माणसाची बाही तिनं धरली.

"काय हो, काय नाव म्हणाले ते? मला मेलीला नीट ऐकू येत नाही."

ताई बघतच राहिली. मावशीचे कान असे तिखट, की मागच्या खोलीत उंदीर पोत्यावर चढला तर तिला पुढे दुकानात कळायचं.

टायवाल्यानं इकडेतिकडे बघितलं. वर खिडक्यांकडे बघितलं. पण मावशीनं बाही सोडली नव्हती आणि म्हाताऱ्या बाईला खोटं सांगणं किंवा ढकलून जाणं त्याच्यानं होईना. तो खाली वाकून पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा, बाबा. हुद्दा पण सांगा."

त्यानं घसा खाकरला आणि सांगितलं, मोठ्यानं, हुद्द्यासकट. तो समितीतला नव्हता, कुणाचा कुणी नव्हता, कचेरीतून घरी निघालेला माणूस होता. सांगून झाल्यावर तो निघून गेला नाही, मावशीच्या बाजूला उभा राहिला. मावशीनं त्याचे आभार मानले आणि ती शेजारच्या भाजीच्या पिशवीवाल्या बाईकडे वळली. मग तिच्या जावेकडे. मग पुस्तकं छातीशी धरलेल्या एका कॉलेजातल्या मुलीकडे, जिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा थोडं मोठ्यानं सांगत होता आणि मावशीला काही केल्या ऐकू येत नव्हतं. पांगलेली माणसं काय चाललंय ते बघायला परत येत होती आणि आल्या आल्या त्यांनाही विचारलं जात होतं.

अशी विचारत विचारत ती चहाच्या दुकानापर्यंत पोचली. तरुण शिपाई बाकावर येऊन बसला होता, दोन्ही हातांत डोकं धरून. मावशी त्याच्यापुढे उभी राहिली, तो वर बघेपर्यंत थांबली आणि मग तिनं कानामागे हात धरला.